मी बदकं मागितली नव्हती

आबा, तुमच्या तेराव्याची भांडी घासून झाली, मांडववाला खुर्च्या घेऊन गेला, आणि तोंड धुवायला मागच्या दारी गेलेल्या आत्याबाई तिथंच थांबल्या. मी ओट्याशी होते, खिडकीतून दिसत होतं. त्या आपल्या कोंबड्याकडे, सुभेदाराकडे, बघत होत्या. सुभेदार नेहमीसारखा एक पाय पोटाशी धरून, मान ताठ करून उभा होता. आपली पाहणी चालली आहे हे त्याला आवडतं. आत्याबाई आत आल्या, पदराला हात पुसले आणि महेशला म्हणाल्या, "दोन किलोच्या आत न्हाई भरायचा."

त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. तेराव्याला गोडाचं जेवण झालं की पुढं एक दिवस भावकीला तिखट जेवायला घालतात आणि तिथं दुखवटा संपतो, ही तुमच्याकडची रीत मला तुमच्याच निमित्तानं कळली. रविवार ठरला. मटण सांगून ठेवलं. पण आत्याबाईंचं म्हणणं असं, की दादाला आयुष्यभर गावठी कोंबड्याचा रस्सा आवडला, आणि घरचा कोंबडा दारात असताना दादाच्या पानावर बाजारचं मटण वाढायचं, हे बरं दिसतं का?

महेशनं माझ्याकडे बघितलं. मी एकच वाटी पुसत राहिले. काही बोलायचं असलं की माझे हात कामाला लागतात, हे तुमच्या लवकर लक्षात आलं होतं. तुमच्या बहिणीच्या अजून आलेलं नाही.

रविवारपर्यंत मला उत्तर द्यायचं होतं, आणि माझ्याजवळ तुमचा शब्द नव्हता. सुभेदाराचं पुढं काय करायचं, हे मी तुम्हाला कितीदा तरी विचारलं. तुम्ही दर वेळी "बघू" म्हणालात. आणि तसेच गेलात.

मी या घरात सून म्हणून आले तेव्हा आपण एकमेकांना किती घाबरत होतो, ते आता सांगायला हरकत नाही. महेश सोमवारी कुपवाडला कारखान्यात जायचा तो शनिवारीच यायचा. सासूबाई लग्नाआधीच गेलेल्या. मलकापूरच्या या घरात आठवडाभर तुम्ही, मी आणि माझा लॅपटॉप. तुम्ही फौजेतून आलेले, आवाज परेडच्या मैदानावरचा. मी सांगलीच्या जैन घरातली, इंग्रजी शाळेतली, आणि माझा आवाज शेजारच्या खुर्चीपर्यंत गेला तर गेला. त्यात तोफांनी तुमचा डावा कान नेलेला. सकाळी तुम्ही विचारायचात, "च्या घेनार का?" मी "हो" म्हणायचे. तुम्हाला ऐकू यायचं नाही. तुम्ही एकट्यापुरता करून प्यायचात, आणि तुम्ही बाहेर गेलात की मी माझा करायचे. पहिला सगळा पावसाळा या घरात असा दोनदा चहा झाला.

एकदा तुम्ही महेशशी फोनवर बोलताना मी ऐकलं. तुम्हाला वाटायचं तुम्ही हळू बोलताय. "घर लय गप हाय रं. पोरगी चांगली हाय, पन भिताडाशी बोलल्यागत वाटतं. कायतरी आवाज पायजे घरात." मला वाटलं, आता टीव्ही येणार. दुसऱ्या दिवशी तुम्ही डालग्यातून कोंबडीची पिल्लं घेऊन आलात.

विकणाऱ्यानं सगळ्या माद्या असल्याची शपथ घेतली होती. "थोड्या दिसांनी सगळ्या तलंगा व्हनार," असं तुम्ही मला समजावून सांगितलंत. अंड्यावर यायच्या बेतातल्या कोंबडीला तलंग म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. तुम्हालाही त्याच्या फार आधी कळलं नसावं, कारण त्यातली एक तलंग पुढं एका सकाळी आरवली. तुम्ही दाढी करत होतात. अर्ध्या तोंडाला फेस तसाच ठेवून मागच्या परड्यात आलात, तिच्यासमोर उभे राहिलात आणि सॅल्यूट ठोकलात. "मी हवालदार म्हनून रिटायर झालो. ह्यो सुभेदार हाय, माझ्याबी वरचा. आवाजच सांगतोय." तेव्हा मी मोठ्यानं हसले. या घरात पहिल्यांदा.

कोंबड्या कशा पाळतात हे आपल्या दोघांनाही ठाऊक नव्हतं. तुमच्या लहानपणी घरात होत्या, पण ते सगळं तुमच्या आईनं केलेलं. तुम्हाला आठवत होता तो फक्त रस्सा. माझ्या घरात कोंबडीचं चित्रसुद्धा नव्हतं. मग आपण माझ्या मोबाईलवर परदेशी व्हिडिओ बघायला लागलो. मी मराठीत सांगायचे, तुम्ही मान डोलवायचात. त्यातली एक बाई कोंबडीला मांडीवर घेऊन तिच्या डोक्याची पापी घ्यायची. तुम्ही बराच वेळ बघितलंत आणि मला विचारलंत, "ही बाई बरी हाय न्हवं? म्हंजे, घरी मानसं हायत का तिच्या?"

पण तुम्हालाही तसंच हवं होतं. मला दिसत होतं. तुम्ही परड्यात पाऊल टाकलं की पिल्लं चारी दिशांना पळायची आणि तुमचा चेहरा उतरायचा. तुम्ही तरातरा जायचात, वरून झडप घालून एखादं उचलायचात आणि ते चिरकायला लागलं की ओरडायचात, "आरं, खात न्हाई मी तुला!" त्यात त्याला धीर वाटण्यासारखं काही नव्हतं.

मी दुपारी जेवणाच्या सुट्टीत पायरीवर बसायचे, काही न करता. पिल्लं माझ्या पायाशी यायची, चपलेचा बंद ओढायची, पोटरीला टेकून झोपायची. गप्प बसणं मला जमतं. आयुष्यात पहिल्यांदा ते कुणाला तरी आवडत होतं. तुम्ही दारातून बघत होतात. शेवटी मी धीर करून म्हणाले, "वरून हात नेऊ नका. त्यांना घार वाटते."

"काय?"

"घार."

"कुठाय?" म्हणत तुम्ही आभाळाकडे बघितलंत आणि काठी शोधायला धावलात.

मग मी उठून तुमच्या उजव्या बाजूला आले आणि सगळं नीट सांगितलं. खाली बसायचं. हात जमिनीलगत, तळवा उघडा, त्यात थोडी ज्वारी. त्या येतील तेव्हा येतील. आपण पकडायचं नाही. तुमच्याशी मी सलग एवढं पहिल्यांदाच बोलत होते, आणि तुम्ही ते ड्युटी समजावून घेतल्यासारखं ऐकलंत. त्यानंतर रोज त्याच वेळी पाटावर बसायला लागलात. गुडघे कडाकडा वाजायचे. पिल्लं येईनात. "कर्नलसायबाम्होरंबी इतका येळ गप बसलो न्हाई कवा," म्हणालात. पण बसलात. आणि एका दुपारी ती फिकट तपकिरी कोंबडी, जिला मी बिस्किट म्हणायचे आणि तुम्ही बिसकूट, तुमच्या तळव्यावरचे दाणे टिपून झाल्यावर सरळ मनगटावर चढून बसली. तुम्ही हलला नाहीत. डोळे तेवढे माझ्याकडे वळवलेत आणि ओठ न हलवता म्हणालात, "फोटू काडा."

तो फोटो मी महेशला पाठवला. त्यात तुम्ही खूप घाबरलेले दिसता.

आता बदकांचं. हे तुम्हाला मी कधी सांगितलं नाही, आणि सांगायची वेळ रोज येत होती.

माझी आई राहायला येणार होती. खिरीत घालायला घरात बदाम नव्हते. तुम्ही कऱ्हाडच्या बाजारात होतात म्हणून मी फोन केला. मागं भोंगे, भाजीवाल्यांची ओरड. मी म्हणाले, "येताना बदाम आणता का?" तुम्ही म्हणालात, "काय? बदकं?" मी म्हणाले, "हो, बदाम." तुम्ही विचारलंत, "किती?" मी म्हणाले, "दोनशे ग्रॅम." तुम्ही म्हणालात, "दोन. बरं," आणि फोन ठेवलात.

दुपार झाली तरी तुम्ही आला नाहीत. फोन लागेना. ऊन कलल्यावर तुमची स्कूटर आली. चेहरा उन्हानं लाल, पायाशी पुठ्ठ्याचा खोका, खोक्याला भोकं. "कऱ्हाडात न्हाईत. उंब्रजला इचारलं, न्हाईत. मग रहिमतपूरला भैनीकडं गेलो, तिच्या वळखीच्या मानसाकडनं आनली," म्हणत तुम्ही खोका पायरीवर ठेवून उघडलात. आत दोन पिवळी, ओली, रुंद चोचीची पिल्लं होती. तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत उभे होतात. घरात आल्यापासून मी तुमच्याकडे काहीच मागितलं नव्हतं. ते पहिलं मागणं होतं, आणि ते पुरं करून तुम्ही आला होतात.

मी म्हणाले, "छान आहेत."

त्या दिवशी खीर बदामाशिवाय झाली. आईला मी काहीच सांगितलं नाही. तुम्ही मात्र सगळ्यांना सांगत सुटलात, दूधवाल्याला, पोस्टातल्या माणसाला, महेशच्या मित्रांना. "दुसऱ्याच्या सुना सोनं मागत्यात. आमच्या सूनबाईनं काय मागावं? बदकं!" दर वेळी मी मान खाली घालायचे आणि लोकांना वाटायचं मी लाजतेय. आबा, मी बदाम म्हणाले होते. दोनशे ग्रॅम.

पण बदकं आली म्हणून बरंच काही झालं. आपण नवखे असल्यामुळं त्यांना कोंबड्यांच्याच खुराड्यात ठेवलं आणि सकाळपर्यंत त्यांनी पाण्याची वाटी सगळ्यांच्या अंगावर सांडून चिखल करून ठेवला. कोंबड्या कुडकुडत होत्या आणि ही दोघं त्या चिखलात मजेत. मग आपल्याला कळलं की बदकांना चोच नाकपुड्यांसकट बुडवता येईल एवढं खोल पाणी लागतं, ती ते सांडणारच, आणि त्यांची जागा वेगळी हवी. तुम्ही माझी कणीक मळायची परात त्यांच्यासाठी उचललीत आणि मला विचारलंसुद्धा नाहीत. मला ते आवडलं. तोवर तुम्ही या घरातला पाण्याचा पेलासुद्धा मला विचारून उचलत होतात.

आणि एकदा त्यातलं एक मागच्या उसाच्या सरीत पळालं. तुम्ही एका बाजूनं, मी दुसऱ्या बाजूनं. ते माझ्या पायातून निसटलं आणि तुम्ही ओरडलात, "आगं ए, धर की! बघत काय ऱ्हायलीस!" तोवर तुम्ही मला "तुमी" म्हणत होतात. बदक सापडलं. तुमच्याही लक्षात आलं असावं, कारण परत येताना तुम्ही गप्प होतात. पण नंतर ते "तुमी" परत आलं नाही. मी वाट बघत होते, ते येऊ नये म्हणून.

त्यांची नावं तुम्ही लेफ्ट आणि राइट ठेवलीत. चालताना एकामागं एक, पावलात पाऊल. कुठलं लेफ्ट आणि कुठलं राइट, ते तुम्हालाही शेवटपर्यंत सांगता आलं नाही.

संध्याकाळी तुमची गिनती असायची. खुराड्याच्या दाराशी उभं राहून एकेकाला आत सोडायचं, मोजायचं, आणि शेवटी सुभेदाराला सांगायचं, "सब हाजिर, साब." त्याच सुमाराला मी जेवायला बसायचे. दिवस बुडायच्या आत जेवायची आमच्या घरची सवय मी सोडली नव्हती. तुम्हाला त्याची फार गंमत. "आमची सून आन् कोंबड्या एकाच टायमाला आटपत्यात," असं पाहुण्यांना सांगायचात. पण पुढं पुढं तुम्हीही माझ्याबरोबर ताट घ्यायला लागलात. विचारलं तर म्हणालात, "एकट्यानं जेवायचा कटाळा येतो." तेही डावा कान माझ्याकडे करून, म्हणजे मी काही बोलले तर ऐकू येऊ नये म्हणून.

अंड्यांची गोष्टही तशीच. पहिलं अंडं दिसलं तेव्हा तुम्ही ते रुमालात गुंडाळून, मला दिसू नये असं घरामागून शेजारी नेऊन दिलंत. कितीतरी दिवस असं चाललं होतं. एकदा बिस्किटनं माझ्या समोर पायरीवरच अंडं घातलं. मी ते उचललं. ऊबदार होतं, जरा ओलसर. तुम्ही धावत आलात. "आगं, चालतं व्हय तुमच्यात?"

"खायचं चालत नाही. धरायचं चालतं."

"मग मी इतके दीस चोरावानी कशाला पळत हुतो?"

"मला वाटलं तुम्हाला आवडतं."

तुम्ही हसून हसून पायरीवर बसलात.

घरात मटण शिजणं मी आले तेव्हापासून बंद झालं. मी म्हणाले नव्हते, महेशही म्हणाला नव्हता. तुम्ही बुधवारी आणि रविवारी "जरा काम हाय" म्हणून बाहेर जायचात आणि बडीशेप चघळत परत यायचात. इतकी बडीशेप, की मला वासावरून वार कळायचा. एकदा मी म्हटलं, "आबा, घरात केलंत तरी मला चालेल." तुम्ही म्हणालात, "बघू." केलं नाहीत.

हा तुमचा "बघू" मला कधीच कळला नाही. आमच्या घरात पप्पांचं "बघू" म्हणजे "नाही". शाळेच्या सहलीला "बघू", पुण्यात शिकायला जायचं तर "बघू", महेशशी लग्न करायचं म्हटल्यावर तर नुसतं "बघू, बघू". माझं निम्मं आयुष्य त्या शब्दाशी भांडण्यात गेलं. महेश सांगायचा, तुमचं "बघू" म्हणजे "होय, पण आत्ता नको."

पप्पा पहिल्यांदा आपल्याकडे आले तेव्हा परड्याच्या दारात थबकले. कोंबड्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग तुम्हाला अगदी हळू, अदबीनं विचारलं, "हे सगळं... कापायला नाही ना?" ते तुमच्या उजव्या बाजूला होते, म्हणून तुम्हाला ऐकू गेलं. तुम्ही म्हणालात, "बघू." पप्पांचा चेहरा एकदम खुलला. त्यांनी सुभेदाराला दोन दाणे टाकले आणि समाधानानं सांगलीला गेले. मी मात्र त्या दिवसापासून अस्वस्थ झाले.

त्यावर आपलं भांडण व्हायचं. भांडण म्हणजे मी दोन वाक्यं बोलायची आणि तुम्ही दाणे टाकायचे. मी म्हणायचे, कोंबडा म्हातारा झाल्यावर काय ते आत्ता सांगा. तुम्ही म्हणायचात, "आगं, कोंबडा हाय त्यो, पेन्शनर न्हवं." मी म्हणायचे, नाव ठेवलंत, सॅल्यूट करता, आणि मग? तुम्ही म्हणायचात, "फौजेत काय, नाव असलेली मानसं जात न्हाईत व्हय?" त्यावर मी बदकांची परात घासायला घ्यायचे. मग तुम्हीच थोड्या वेळानं म्हणायचात, "बघू." एकदा मी चिडून पायरीवरून उठून आत गेले. तुम्ही रात्रीच्या गोळ्या मागायला आलात तेव्हा म्हणालात, "सुभेदार इचारतोय, बाई का रुसली." मी सांगितलं, त्याला सांगा, बघू. तुम्ही गोळ्या घेऊन गेलात, आणि पलीकडच्या खोलीतून बराच वेळ तुमचं हसू ऐकू येत होतं.

तुम्ही गेलात त्या सकाळी खुराडं उघडायचं कुणाच्याच लक्षात आलं नाही. घर माणसांनी भरलेलं. बायका मला मधे घेऊन बसल्या होत्या. रडत होत्या, मलाही रड म्हणत होत्या. मला येत नव्हतं. आणि मागून लेफ्ट-राइट ओरडत होती. बदकं ओरडायला लागली की कुणाचं काही ऐकू येत नाही. एक म्हातारी रडता रडता थांबून म्हणाली, "ते काय कोकलतंय गं मागं?" मी उठले. सगळ्यांच्या मधून, कुणाला काही न सांगता. दार उघडलं तशी सगळी बाहेर पडली आणि रोजच्यासारखी तुमच्या पाटाकडे गेली. पाट भिंतीला टेकवून ठेवलेला होता. मी तो आडवा केला, खाली बसले आणि तिथं मला रडू आलं. बिस्किट माझ्या पायावर चढली. सुभेदार दाण्यांची वाट बघत होता. त्याला घाई होती. मला त्याचा राग आला नाही.

रविवारी सकाळी भावकीतली माणसं पुढच्या अंगणात जमली. मागं चुलीवर मटणाचं पातेलं चढलं होतं. आत्याबाईंनी कुणाला तरी हाक मारली, "जा रं, त्या कोंबड्याला धरून आन." मी मागच्या दारात होते. मी दारातून बाजूला झाले नाही.

"काय गं?" आत्याबाई म्हणाल्या.

"आत्याबाई, सुभेदार नको."

"का? दादानं सांगितलं हुतं व्हय तुला, कापू नगा म्हनून?"

आबा, "हो" म्हटलं असतं तर तिथंच मिटलं असतं. गेलेल्या माणसाचा शब्द कुणी मोडत नाही. सगळे माझ्याकडे बघत होते, महेशही. तोसुद्धा मी "हो" म्हणावं म्हणून बघत होता. पण तुम्ही तसं म्हणाला नव्हतात. तुमचं "बघू" होतं, आणि ते मी माझ्या सोयीनं वळवलं असतं तर आपलं भांडण मी तुमच्या पाठीमागं जिंकल्यासारखं झालं असतं.

"नाही," मी म्हणाले. "आबा काहीच म्हणाले नव्हते. त्यांच्या मनात काय होतं, मला माहीत नाही. हे मी म्हणतेय. सुभेदार कापायचा नाही."

माझा आवाज पुढच्या अंगणापर्यंत गेला असावा, कारण तिथलं बोलणं थांबलं.

आत्याबाई माझ्याकडे बघत राहिल्या. "मला वाटलं हुतं मुकी हायस," म्हणाल्या. मग महेशकडे वळून, "बघ रं, दादानं डोक्यावर बसवून ठेवली हिला. बदकं पायजेत म्हनली तर येडा रनरनत्या उनातनं रहिमतपूरला माझ्या दारात. पानी प्यायला थांबंना. 'आगं, सुनंनं पयल्यांदा कायतरी मागितलंय.' आन् आता कोंबडा न्हाई म्हनती."

मला काय झालं माहीत नाही. मी म्हणाले, "मी बदकं मागितली नव्हती. बदाम म्हणाले होते."

"काय?"

"बदाम. खिरीत घालायला. आबांना बदकं ऐकू आलं."

 मग महेश खाली बसला. आत्याबाईंनी तोंडाला पदर लावला, त्यांचे खांदे हलायला लागले, आणि त्या रडतायत की हसतायत हे मला कळेना. "आन् तू इतकी वर्सं गप बसलीस?"

"ते सगळ्यांना सांगत होते ना."

त्यांनी डोळे पुसले. कोंबड्याचा विषय त्यांनी परत काढला नाही. फक्त जाताना म्हणाल्या, "पन मग दादाचं पान बाजारच्याच मटनाचं. आन् ते तूच वाढायचंस. कोंबडा ठेवलास न्हवं?"

ते बरोबर होतं. आणि मी एक कोंबडा वाचवला म्हणून त्या पातेल्यातला बोकड काही परत येणार नव्हता, हेही मला कळत होतं. त्यालाही कुणी नावानं हाक मारली असेल, नसेल. मी त्यावर तुमच्याशी भांडले असते.

मी पान वाढलं, आबा. भाकरी, भात, कांदा, लिंबू. मग पातेल्याचं झाकण काढलं. वास अंगावर आला. मी श्वास धरला. पळीनं आधी रस्सा घेतला, मग आत्याबाई म्हणाल्या, "नळीचं घाल, त्याला नळी आवडायची," म्हणून शोधून नळीचा तुकडा घेतला. थेंबही सांडला नाही. तुम्ही इतकी वर्षं माझ्यासाठी बाहेर जाऊन जेवलात. एकदा घरात, माझ्या हातचं वाढलेलं जेवा, एवढंच मनात होतं.

पान परड्याच्या कठड्यावर ठेवलं. सगळी माणसं मागं सरून कावळ्याची वाट बघत उभी राहिली. कावळे होते, उसाकडच्या तारेवर बसलेले, पण येईनात. कुणीतरी म्हणालं, कायतरी मनात राहिलंय. आत्याबाई हात जोडून तुम्हाला काहीबाही सांगायला लागल्या. तेवढ्यात पाटाच्या बाजूनं सुभेदार आला. एकदा कठड्याखाली थांबला, मान वाकडी करून वर बघितलं, पंख फडफडवले आणि वर चढला. भाकरी ओलांडली, भात ओलांडला. नळीचा तुकडा चोचीत धरला, दोनदा कठड्यावर आपटला आणि त्यावरचं मांस ओढून खायला लागला.

महेश काठी घेऊन पुढं झाला. आत्याबाईंनी त्याचा हात धरला.

"खाऊ दे रं," त्या म्हणाल्या. "सायेब हाय त्यो दादाचा."

कुणीतरी हसलं, मग सगळेच. पुरुषमाणसं पुढं जेवायला बसली.

आबा, कोंबड्या मटण खातात हे मला माहीत नव्हतं. त्या परदेशी बाईच्या व्हिडिओत कुठं नव्हतं. तुम्हाला माहीत होतं का?